एक स्केट, एक मॉस आणि तांब्याच्या दोन खाणी

गढूळपाणी:
नमस्कार मंडळी,
नामशेष होऊ घातलेल्या जिवांचा विषय निघाला की वाघ, व्हेल, पांडा यांच्यापुढे गाडी सरकत नाही. आज अशा दोघांबद्दल लिहितो, ज्यांचा फोटो कोणी कॅलेंडरवर छापणार नाही. तुलना तिरपागडी आहे, पण शेवटपर्यंत वाचा, मग दगड मारा.

पहिला आहे मॉजिअन स्केट. पाकटाच्या गोतावळ्यातला मासा. तसंच चपटं, चौकटच्या एक्क्यासारखं अंग आणि मागे बारीक शेपूट. फरक असा की याच्या शेपटीत पाकटाचा विषारी काटा नसतो, आणि पाकट पिल्लांना जन्म देतं तर हा अंडी घालतो. टास्मानियाच्या नैर्ऋत्येला बॅथर्स्ट हार्बरमध्ये १९८८ साली तो पहिल्यांदा हाती लागला आणि नवी जात म्हणून त्याचं शास्त्रीय वर्णन व्हायला २००७ उजाडलं. बॅथर्स्टमध्ये तो आता जवळजवळ दिसेनासा झालाय. उरलेला सगळा संसार पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बर या एकाच आखातात. ऑस्ट्रेलियाच्या संकटग्रस्त यादीत तो २००४ पासून आहे, म्हणजे रीतसर बारसं होण्याआधीच आजारी म्हणून नोंद!

दुसरं आहे कॉर्निश पाथ-मॉस, शास्त्रीय नाव डिट्रिकम कॉर्नुबिकम. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जीन पेटन या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंना ते १९६३ साली सापडलं. काही मिलिमीटर उंचीचे काळपट हिरवे कोंब, लांबून पाहिलं तर मातीवर पडलेला डाग वाटेल. कॉर्नवॉलमधल्या त्याच्या सगळ्या वस्तीचं क्षेत्रफळ नोंदींमध्ये ०.१६ चौरस मीटर दिलंय. हा टंकनदोष नाही. वर्तमानपत्राचं एक पान जमिनीवर पसरा, साधारण तेवढंच.

आता यांना एकत्र का आणलं ते सांगतो. मॅक्वारी हार्बरच्या वर क्वीन्सटाउनजवळ माउंट लायेलची तांब्याची खाण होती. तिथला गाळ जवळजवळ शंभर वर्षं सरळ नदीत सोडला जात होता. क्वीन नदीतून किंग नदीत आणि तिथून आखातात. १९९४ साली हे थांबलं तोवर अंदाजे १० कोटी टन गाळ वाहून गेला होता. किंग नदीच्या मुखाशी त्याचा चक्क त्रिभुज प्रदेश तयार झालाय.

आणि कॉर्नवॉलचं मॉस कुठे उगवतं? बोडमिन मूरच्या आग्नेय टोकाला, क्रोज नेस्ट आणि फीनिक्स युनायटेड या बंद पडलेल्या खाणींच्या राडारोड्यावर. तिथे १८३६ मध्ये तांब्याची मोठी शीर सापडली, पन्नासेक वर्षं धूमधाम चालली आणि मग सगळं थंडावलं. मागे उरली तांबेमिश्रित उघडी माती. इतर झाडोऱ्याला ती माती मानवत नाही. या मॉसला दुसरी कुठली मानवत नाही.

म्हणजे एकाच्या घरात खाणीचा कचरा आला आणि दुसऱ्याचं घरच त्या कचऱ्याचं. माझा प्रश्न असा की "माणसाने निसर्गातून हात काढून घ्यावा, बाकी सगळं आपोआप ठीक होतं" हे जे आपण घोकतो, ते या दोघांपैकी नेमकं कोणाला लागू पडतं?

तिरकस_तात्या:
कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! मासा पोहतो, खातो, त्याला मेंदू आहे, वेदना आहे. मॉस म्हणजे भिंतीवरचं शेवाळ. पावसाळ्यात मी ते ब्रशने घासून काढतो. वर्तमानपत्राच्या पानाएवढं शेवाळ गेलं तर जगाचं काय अडणार आहे?

ओलीमाती:
तात्या, तुम्ही ब्रशने घासता ते शेवाळ असेलही, पण मॉस म्हणजे शेवाळ नव्हे. घोळ आपल्या भाषेतला आहे, ओल्या जागी हिरवं दिसलं की सरसकट शेवाळच म्हणतो. शैवाल वेगळं. मॉसला खोडासारखा भाग असतो, पानं असतात, फक्त खरी मुळं नसतात. शाळेत फ्युनारियाची आकृती काढून पाच गुण मिळवले असतील, आठवा!

आणि बिनकामाचं वाटत असेल तर एक गंमत सांगते. माझ्याकडे भिंतीवरच्या साध्या टॉर्ट्युला मॉसचा झुपका कागदी पाकिटात ठेवलेला होता. दोन-तीन वर्षं विसरले होते. काढला तर पानं दांड्याभोवती पिळून बसलेली, रंग चहाच्या चोथ्यासारखा. भिंगाखाली धरून ड्रॉपरने एक थेंब पाणी टाकलं. पानं एकेक करून बाहेर वळायला लागली, जणू कोणी छत्री उघडतंय. एका मिनिटात सगळा झुपका उघडला आणि आत हिरवा रंग दिसायला लागला. पाणी गेलं की कारभार बंद, आलं की सुरू. कुठल्या माशाला हे जमेल?

गढूळपाणी:
ओलीमाती, याच कारणाने मला ही जोडी जमली. एक जीव थांबू शकतो, दुसऱ्याला थांबता येत नाही.

मॅक्वारी हार्बरचं पाणी समजून घ्यायला हवं. आखाताचा आकार सुमारे ३०० चौरस किलोमीटर, पण समुद्राकडचं तोंड अगदी अरुंद आणि उथळ. त्या तोंडाचं नाव हेल्स गेट्स, नरकाची दारं. आत गॉर्डन आणि किंग या नद्यांचं गोडं पाणी येतं. रानातल्या पालापाचोळ्यातलं टॅनिन उतरल्यामुळे ते कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, समुद्राचं खारं जड पाणी खाली बसतं आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. वरचा थर गडद, त्यामुळे खाली उजेड पोचत नाही. उजेड नाही म्हणून तिथे प्राणवायू तयारही होत नाही. खोल पाण्याला नवा प्राणवायू मिळण्याचा मोठा मार्ग म्हणजे समुद्राचं ताजं पाणी त्या उंबऱ्यावरून आत घुसणं. त्यासाठी नद्यांचा जोर कमी हवा आणि वाऱ्याची, हवेच्या दाबाची मेहेरबानी हवी.

असल्या जागी हा मासा साधारण ५ ते १५ मीटर खोलीवर तळाशी राहतो. मुळातच काठावर जगणारा जीव. त्यात १९७० च्या दशकात गॉर्डनवर आणि १९९० च्या सुमारास किंगवर वीजनिर्मितीची धरणं झाली, नद्यांच्या प्रवाहाचं वेळापत्रक माणसाच्या हातात गेलं. १९८० च्या दशकात पिंजऱ्यांतल्या सॅमन माशांची शेती सुरू झाली आणि २०१२ नंतर ती भराभर वाढली. सॅमनची विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशी जातं, जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू खाऊन टाकतात.

टाकीवाला:
वर कोणी विचारायच्या आधी सांगतो, पाण्यातला प्राणवायू कमी होणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी काचेची टाकी आहे त्याला विचारा. एकदा रात्री पंप बंद पडला. सकाळी उठलो तर निम्मे मासे पृष्ठभागाशी तोंडं लावून उघडझाप करत होते. तळाशी बसणारे दोन मात्र तसेच तळाशी. मला वाटलं त्यांना काही झालेलं नाही. ते गेले होते.

शिंपला:
टाकीवाला, बाप रे.
स्केटच्या बाबतीत मला अंड्यांची जास्त काळजी वाटते. स्केटचं अंडं म्हणजे चिवट, खडबडीत, चौकोनी पिशवी असते, चार कोपऱ्यांना शिंगं. समुद्रकिनाऱ्यावर दुसऱ्या जातींच्या रिकाम्या पिशव्या सापडतात, वाळल्या की काळ्या चामड्यासारख्या होतात. मॉजिअन स्केटचं पिल्लू त्या पिशवीत साधारण सात महिने असतं. मोठा मासा गुदमरला तर निदान थोडा वर सरकेल. पिशवी जिथे पडली तिथेच पडून राहणार. सात महिन्यांत एकदा जरी खालचा प्राणवायू संपला तर पिशवीतला जीव जाणार कुठे?

गढूळपाणी:
आणि वर सरकूनही दर वेळी सुटका होत नाही. २०१९ मध्ये वादळी हवेने खालचं प्राणवायूविरहित पाणी ढवळून वर आलं. तेव्हा माग काढण्यासाठी ट्रान्समीटर लावलेल्या स्केटपैकी बरेच मेले. २०२३ मध्ये टास्मानिया विद्यापीठाच्या सागरी संशोधन संस्थेने सांगितलं की २०१४ ते २०२१ या काळात जाळ्यात सापडण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलंय.

चिकित्सक:
अर्धीच गोष्ट सांगू नका. त्याच संस्थेच्या २०२५ च्या अहवालात २०२४ ची पकड पुन्हा २०१४ च्या पातळीच्या आसपास आल्याचं म्हटलंय. लगेच एका बाजूने "बघा, संकट नव्हतंच" आणि दुसऱ्या बाजूने "आकडे फिरवले" असा कल्ला झाला. माझ्या मते दोन्ही उतावीळ. जाळ्यातली पकड म्हणजे शिरगणती नव्हे. सगळी जात एकाच आखातात असताना एका चांगल्या वर्षावर विश्वासून राहणं मला तरी जमणार नाही. आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने पर्यावरण कायद्यात दुरुस्ती केली, तिच्यामुळे तिथल्या सॅमनशेतीच्या जुन्या परवानगीचा फेरविचार करण्याचा मंत्र्यांचा अधिकार आवळला गेला. म्हणजे पुढचं वर्ष वाईट निघालं तर हातातलं एक हत्यार आधीच म्यान केलेलं.

तिरकस_तात्या:
मग खालच्या पाण्यात प्राणवायू सोडा की पंपाने. टाकीवाल्यांना विचारा कुठला पंप चांगला.

गढूळपाणी:
तात्या, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण हा प्रयोग खरोखर चाललाय. तराफ्यावरून प्राणवायू मिसळलेलं पाणी खोलवर सोडतात. मला त्यात "रोग रेड्याला आणि औषध पखालीला" असं वाटतं, कारण प्राणवायू खाणारा माल वरून पडतोच आहे. पण प्रयोगच करू नये असंही म्हणवत नाही, रेडा मरणपंथाला लागला असेल तर पखालीलाही टोचून बघावं.

शिवाय २०२३ च्या शेवटी काही स्केट पकडून बंदिस्त टाक्यांत पैदास सुरू केलीये. सुरुवातीलाच आणलेल्या चार प्रौढांपैकी दोन मेले. २०२४ मध्ये बंदिवासात घातलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू बाहेर आलं.

ओलीमाती:
इथे मॉसचं पारडं एकदम जड होतं. मॉसच्या पानाचा एक तुकडा योग्य जागी पडला तरी त्यातून हिरव्या धाग्यांचं जाळं फुटतं आणि त्यावर नवे कोंब येतात. लंडनच्या क्यू उद्यानात याच कॉर्निश मॉसचे धागे द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवून पुन्हा वाढवण्याची पद्धत बसवली, २००२ च्या सुमाराचं काम आहे ते. एका छोट्या कुपीत अख्खी जात सांभाळता येते. स्केटची बँक उघडायची तर टाक्या, खारं-गोडं पाणी, खेकड्यांचा खुराक, रात्रपाळीची माणसं, आणि पंप बंद पडला की टाकीवाल्यांसारखी सकाळ.

नवखी:
खूप छान चर्चा, पहिल्यांदाच लिहितेय. एक शंका. जर मॉस इतकं सहज वाढतं तर ते वर्तमानपत्राच्या पानाएवढंच का राहिलं? दुसरीकडे का पसरलं नाही?

ओलीमाती:
नवखी, बाळबोध शंका नाहीये ही, सगळ्यात अवघड तीच आहे.
एक कारण म्हणजे या मॉसची फक्त नर रोपं माहीत आहेत. मादी आजवर कोणाला सापडलेली नाही. मादी नाही म्हणून फलन नाही, फलन नाही म्हणून बीजाणू नाहीत, आणि मॉसला वाऱ्यावर दूर जायचं असेल तर बीजाणूच लागतात. मग ते वाढतं कसं? जमिनीत धरून ठेवणाऱ्या केसांसारख्या धाग्यांवर बारीक कंद धरतात. कंद म्हणजे बटाटे डोळ्यांसमोर आणू नका, भिंगाशिवाय दिसायचे नाहीत. माती हलली की ते कंद थोडे इकडेतिकडे होतात. पूर्वी खाणकामगारांचे बूट, गाड्यांची चाकं, घोड्यांचे खूर यांनी बहुधा हे काम केलं असावं. नावातच पाथ आहे, पायवाट.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. तांबे हळूहळू पावसाने धुपतं, पालापाचोळा साचतो, मग हेदर आणि काटेरी गोर्सची झुडपं येतात. झुडपांची सावली पडली की आमचा गडी संपला. त्याला तांबे आवडतं की तांब्यामुळे इतर कोणी येत नाही म्हणून तो तिथे आहे, हे वेगळं करणं कठीण आहे. माझा कल दुसरीकडे. तो तांब्याचा भक्त नसावा, भांडणात हरणारा आहे, म्हणून कोणी फिरकत नाही अशा जागी जाऊन राहिलाय.

तिरकस_तात्या:
म्हणजे संवर्धन करायचं तर खाण पुन्हा सुरू करा! वा रे पर्यावरणवादी.

गढूळपाणी:
खाण नको, पण खोरं-फावडं हवं. तिथे संवर्धनाचं काम म्हणजे झुडपं उपटणं आणि माती उघडी ठेवणं. पडीक खाणीची जागा "सुधारायची" म्हणून कोणी वर सुपीक माती टाकून गवत लावलं, तर बघणाऱ्याला वाटेल काय सुंदर हिरवाई झाली, आणि त्याच हिरवाईखाली हे मॉस गाडलं जाईल. मला मूळ लेखात हेच म्हणायचं होतं. स्केटच्या बाबतीत वरून पडणारं ओझं कमी करायचंय, नदीला तिची लय थोडी परत द्यायचीये, म्हणजे हात मागे घ्यायचाय. मॉसच्या बाबतीत हात मागे घेतला की ते मरतं. "निसर्गाला त्याच्यावर सोडा" हे वाक्य कॉर्नवॉलच्या त्या राड्यावर मृत्युदंडासारखं आहे.

शिंपला:
पण मग स्केटला तांब्याचा त्रास किती? मूळ लेखात तुम्ही खाणीवर भर दिलात आणि नंतर सगळं प्राणवायूवर आलं.

गढूळपाणी:
पकडलंत! तांबे माशांच्या कल्ल्यांना वाईटच. पण त्या चहाच्या रंगाच्या पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य विरघळलेल्या तांब्याला बांधून ठेवतं आणि बांधलेलं तांबे जिवाला कमी बाधतं. त्यामुळे आजचा मुख्य मारेकरी म्हणून मी तांब्याकडे बोट दाखवणार नाही. जुनं दुखणं आहे ते, गाळात बसलेलं. खाणीची गोष्ट मी जोडणीसाठी घेतली आणि तिला झेपेल त्याहून जास्त वजन दिलं, हे कबूल.

एक अवांतर. क्वीन्सटाउनभोवतीचे डोंगर भट्ट्यांच्या धुराने आणि जंगलतोडीने बोडके झाले. आता तिथे झाडं परत येतायत, तर काही स्थानिकांना ते बोडके डोंगर हीच आपली ओळख वाटते. कॉर्नवॉलच्या खाणींचा परिसर तर २००६ पासून जागतिक वारसा आहे. मॅक्वारी हार्बरचाही एक भाग वारशात येतो, तो मात्र रानाच्या नावाने. एकीकडे माणसाने केलेला राडा वारसा, दुसरीकडे माणूस नसलेलं रान वारसा.

जुनीवही:
उशिरा आलो. मरणाऱ्यांची जोडी लावलीच आहे तर मेलेल्यांचीही लावतो. जावा स्टिंगरी नावाचं एक छोटं पाकट १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारात एका संग्राहकाला मिळालं. एकच नमुना. पुन्हा कधीच दिसलं नाही आणि २०२३ मध्ये ते अधिकृतपणे नामशेष जाहीर झालं. आणि कॅनडात ओंटारिओमधल्या बेलव्हिलजवळच्या दलदलीत जॉन मकून यांना झाडांच्या खोडावर एक चकचकीत मॉस सापडलं होतं, निओमकूनिया निटिडा. शेवटचा नमुना १८६४ चा. पुढे दलदलीची तोड झाली, मॉस पुन्हा मिळालं नाही. दोघांची शेवटची भेट दोन वर्षांच्या अंतराने, मध्ये अर्धी पृथ्वी.

चिकित्सक:
जुनीवही, +१. पाकटावर शिक्का बसायला १६१ वर्षं लागली हे लक्षात घ्या. शार्क-पाकटांच्या एक-तृतीयांशाहून जास्त जाती आज धोक्यात मोजल्या जातात, त्यातल्या बहुतेकांचं कारण मासेमारी. मॉजिअन स्केट वेगळा पडतो. त्याला मुद्दाम कोणी पकडत नाही, त्याचं पाणी मारलं जातंय. त्या अर्थाने तो इतर पाकटांपेक्षा मॉसच्या जवळचा नातेवाईक आहे, दोघांचं मरण जागेशी बांधलेलं.

तिरकस_तात्या:
बरं बाबा, हरलो. भिंत घासण्याआधी भिंग आणतो. पण एक सांगा. त्या पानाएवढ्या जागेवर उद्या एखादा जाडजूड पर्यटक चुकून डबा खायला बसला तर? जात खलास?

ओलीमाती:
पहिली गोष्ट, तो डाग एका ठिकाणी नाही, तुकड्यातुकड्यांत विखुरलाय. दुसरी, तुमचा पर्यटक नुसता बसला तर थोडे कोंब चुरगळतील, बाकी कंद जमिनीत आहेत. उठताना बुटाच्या खाचेत ओली माती अडकली आणि चार पावलं पुढच्या उघड्या जागेवर पडली तर त्याने उलट कामच केलं म्हणायचं. फक्त त्याला बसायला बरं पडावं म्हणून कोणी तिथे हिरवळ लावू नका.